वाह, क्या गिलकी है!

मानसने पोह्यांची बशी उचलून डोळ्यांपाशी नेली, खिडकीच्या उजेडात तिरकी केली आणि विचारलं, "मम्मी, याच्यात काय आहे?"

"पोहे," मिताली म्हणाली.

"और?"

"और काही नाही. खा चुपचाप."

और गिलकी होती. पुण्याकडचे लोक जिला घोसाळं म्हणतात आणि नाव बदलूनही जिची चव सुधारत नाही, तीच ही गिलकी. मितालीने ती सोलून, किसून, पिळून पोह्यांत अशी बेमालूम मिसळली होती की कोर्टातसुद्धा सिद्ध झालं नसतं. मानसने एक पोहा चिमटीत धरून बघितला, मग दुसरा. तिसऱ्यांदा चिमटीत जे आलं तो पोहा नव्हता. त्याने ते बशीच्या काठावर ठेवलं, बशी पुढे सरकवली आणि केळं सोलायला घेतलं. रडणं नाही, आदळआपट नाही. दुसरीतलं पोर, पण थाट सगळा धाड टाकायला आलेल्या फूड इन्स्पेक्टरचा.

आता हे आपल्या-तुपल्या घरी झालं असतं तर आईने दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपला असता. पण मिताली साधी आई नव्हती. तिचं इन्स्टाग्रामवर 'हरी प्लेट' नावाचं पेज होतं. ऑनलाइन कोर्स करून मिळवलेलं 'बाल-आहार कोच' हे सर्टिफिकेट फ्रिजच्या वर फ्रेममध्ये लटकत होतं. तिची पद्धत इंदूरलगतच्या सगळ्या राऊमध्ये प्रसिद्ध होती. भाजी मुलांना दाखवायचीच नाही. पालक इडलीत, बीट पराठ्यात, लौकी म्हणजे दुधी केकमध्ये, आणि गिलकी जिथे जागा मिळेल तिथे. "आई मुलाला फसवत नसते, त्याच्या पोटाला समजावत असते," असं ती व्हिडिओच्या शेवटी मान तिरकी करून म्हणायची, आणि खाली शेकडो आया हात जोडलेले इमोजी टाकायच्या.

त्या आयांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. कोचबाईंचा स्वतःचा मुलगा आता आईच्या हातचं काहीही, आत काय दडलंय ते तपासल्याशिवाय तोंडात घालत नव्हता. पोळी उभी फाडून आत बघायचा. डोशाचे पापुद्रे काढायचा. एकदा बिचाऱ्या साध्या वरणात काही नव्हतं, तरी ते त्याने चमच्याने ढवळून ढवळून थंड केलं. शेवटी त्याने एक नियम करून टाकला. ज्याचं साल आपण स्वतः काढू शकतो तेच खायचं. केळं, उकडलेला बटाटा, भुईमुगाच्या शेंगा, भुट्टा. संध्याकाळी आजोबांबरोबर बाल्कनीत बसून तो काकडी सोलायचा आणि मीठ आणि जीरावनचा चटपटीत मसाला लावून सबंध फस्त करायचा. काकडी ही भाजीच की. पण तिला रेसिपी म्हणता येत नव्हतं, म्हणून मिताली ती मोजतच नव्हती.

मात्र "याच्यात काय आहे?" हा प्रश्न तिला फार लागायचा. जगात कोणी काही दिलं तर मुलाने संशय घ्यावा, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. पण आईने दिलं तरी? हे काही त्या कोर्समध्ये नव्हतं.

आणखी एक गोष्ट होती, ती तर घरातही कोणाला ठाऊक नव्हती. मितालीला स्वतःला गिलकी बिलकुल आवडत नव्हती. त्या बुळबुळीत फोडी जिभेला लागल्या की तिच्या अंगावर लहानपणापासून काटा यायचा. म्हणून ती सगळ्यांना आग्रहाने वाढायची, "मी नंतर खाते" म्हणायची, आणि मागाहून ओट्यापाशी उभ्याने लोणचं-पोळी खाऊन मोकळी व्हायची. आईने मागून खाणं हा आपल्याकडे त्यागच मानला जातो. त्यामुळे तिची गैरहजेरी कधी कोणाला खटकली नाही, उलट वेळोवेळी कौतुकच झालं.

छुपी भाजी पकडली जायला लागली, तेव्हा मितालीने दुसरा उपाय काढला. मुलं मोठ्यांचं अनुकरण करतात, असं कोर्समध्ये होतं. मग रोज रात्री जेवताना मोठ्यांनी भाजीची तोंडभरून तारीफ करायची, असं ठरलं. म्हणजे तिने ठरवलं.

मोठे म्हणजे दोघे. एक तिचा नवरा सुजय. तो दिवसभर ऑफिसमध्ये लॅपटॉपसमोर बसून 'ओके नोटेड' म्हणायचा आणि घरीही त्याहून फारसं वेगळं बोलायचा नाही. दुसरे सासरे, रघुवीरराव दिघे, रिटायर्ड मास्तर. सबंध आयुष्य बड़ा गणपतीजवळच्या जुन्या घरात काढून ते अलीकडेच मुलाकडे राऊच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. येताना सामान थोडंच होतं, पण त्यात लौंगवाल्या, म्हणजे लवंगेच्या तिखट शेवेचा मोठा डबा होता. इंदूरचा माणूस आमटीवर शेव घालतो, पोह्यांवर शेव घालतो, आणि घरात भाजी नसेल तर शेवेचीच भाजी करतो. मितालीने पहिल्याच आठवड्यात शेव बंद करून टाकली. मुलाला वाईट सवय लागते म्हणून. डबा तेव्हापासून रघुवीररावांच्या कपाटात, स्वेटरांच्या मागे राहत होता.

रात्री जेवण सुरू व्हायचं. मिताली डोळ्यांनी खूण करायची.

"वाह!" सुजय एकदम मोठ्याने म्हणायचा. "क्या गिलकी है!"

"अप्रतिम," रघुवीरराव पोटावरून हात फिरवत म्हणायचे. चेहरा मात्र एरंडेल घेतल्यासारखा. "मिताली, अजून आहे का ग? नसेल तरी चालेल."

"पुष्कळ आहे बाबा!" म्हणून ती आणखी वाढायची, आणि म्हातारा सुनेकडे असा बघायचा की दगडाला दया यावी. मग तिची पाठ वळली की खिशातून चिमूटभर शेव काढून फोडींच्या खाली सरकवायचा. सुजय डोळे मिटून गिळायचा आणि वर पाणी प्यायचा.

मानस आपली केळी सोलत हे सगळं बघायचा. अगदी मन लावून बघायचा. सर्कशीतसुद्धा मूल इतकं मन लावून बघत नाही.

गणपती नुकतेच उठले होते, तेवढ्यात मानसच्या शाळेतून फोन आला. प्रिन्सिपल अंबिका मॅडमना शाळेत 'सब्ज़ी उत्सव' करायचा होता, आणि तिथे 'हरी प्लेट'वाल्या मितालीजींचा डेमो ठेवायचा होता. पसंत पडला तर शाळेच्या सगळ्या शाखांमध्ये मितालीची पद्धत लागू होणार होती. मिताली फोनवरच दोन इंच उंच झाली.

"बस एक बात है, मितालीजी," मॅडम म्हणाल्या. "छुपाने वाला तो सब आपके पेज पर देख ही चुके हैं. स्टेज पर बच्चा खुली सब्ज़ी खाए, तब बात बने. आपका अपना बेटा तो है ही, वही खा लेगा."

"हाँ जी, बिलकुल, उसे तो बहुत पसंद है," मिताली म्हणाली. 

पुढचे काही दिवस तिने सगळं करून बघितलं. गिलकीचे भजे केले, तर मानसने कुरकुरीत आवरण तेवढं खाल्लं आणि आतल्या चकत्या नाण्यांसारख्या एकावर एक रचून ठेवल्या. सायकलचं आमिष दाखवलं, तर म्हणाला, "सायकल आहे ना मम्मी." शेवटी उत्सवाच्या दुपारी, त्याचा युनिफॉर्म घालून देताना, तिचा सगळा कोचपणा गळून पडला.

"मनू, आज फक्त चार चमचे. सगळे लोक बघणार आहेत रे. माझ्यासाठी खाशील?"

मानसने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. "तुझ्यासाठी?"

"हो."

"सगळे टाळ्या वाजवणार?"

"वाजवतील ना."

"ठीक आहे," तो म्हणाला, आणि तिच्या गळ्यात हात टाकून तिचा गाल दाबला. मितालीला भरून आलं. तिला वाटलं, पद्धत-बिद्धत सगळी झूट, शेवटी माया कामाला येते.

शाळेच्या हॉलमध्ये भाज्यांच्या कागदी माळा लावल्या होत्या. स्टेजवर एका बाजूला टेबल, त्यावर गिलकीच्या भाजीचं भांडं आणि मितालीने स्वतः छापून आणलेले पेपर नॅपकिन, कोपऱ्यात हिरवं पान असलेले. दुसऱ्या बाजूला, इंदूरच्या कुठल्याही स्टेजवर असतात तसे, दोन डबे होते. ओल्या कचऱ्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा. प्रमुख पाहुणे म्हणून पार्षद, म्हणजे नगरसेवक, मनीष भिया आले होते. पालेभाज्यांचं महत्त्व ते येताना गाडीत वाचून आले होते आणि वाटेत थांबून कचोरी खाऊन आले होते, त्यामुळे दोन्ही विषय ताजे होते. सुजय पहिल्या रांगेत मोबाइल उंच धरून सगळं पेजवर लाइव्ह दाखवत होता. शेजारी रघुवीरराव, खिशावर हात ठेवून.

मितालीने भाषण केलं. मुलावर विश्वास ठेवा, म्हणाली. घरचं वातावरण महत्त्वाचं असतं, म्हणाली. मग मानसला पुढे बोलावून तिने माईक त्याच्याजवळ ठेवला आणि वाटीत भाजी वाढली. 

मानसने पहिला चमचा तोंडात घातला.  त्याने भुवया वर केल्या, मान डोलवली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "वाह! क्या गिलकी है!"

हुबेहूब सुजय. टाळ्यांचा कडकडाट झाला. मानसने नॅपकिनने नीट तोंड पुसलं आणि दुसरा चमचा घेतला. या वेळी पोटावरून हात फिरवला आणि म्हणाला, "अप्रतिम." पुन्हा तोंड पुसलं. तिसरा चमचा, पुसणं, चौथा चमचा, पुसणं. इतकं टापटीप राहायला याला आपण कधी शिकवलं, असं मितालीच्या मनात क्षणभर येऊन गेलं, पण टाळ्या इतक्या जोरात होत्या की तो विचार तिथेच बुडाला. अंबिका मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मनीष भिया म्हणाले, "भोत अच्छे!" मितालीचे डोळे पाण्याने भरले. आपला मुलगा, आपल्या हातची भाजी, सगळ्यांसमोर!

मानसने लोकांना वाकून नमस्कार केला आणि शांतपणे स्टेजच्या दुसऱ्या टोकाला चालत गेला. तिथे त्याने मुठीतला नॅपकिन उलगडला. आत चार चमचे गिलकी होती.

त्याने ती हिरव्या डब्यात झटकली. एक फोड कागदाला चिकटून राहिली होती, ती बोटाने खरवडून काढली आणि तीही हिरव्यात टाकली. मग तो ओला नॅपकिन हातात धरून विचारात पडला. एकदा हिरव्या डब्याकडे बघितलं, एकदा निळ्याकडे. काही केल्या ठरेना. तेव्हा तो सरळ प्रमुख पाहुण्यांसमोर जाऊन उभा राहिला आणि त्यांच्या पुढ्यातल्या टेबलावरच्या माईकवर त्याने विचारलं, "भिया, ये गीले में जाएगा कि सूखे में?"

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. सुजयला मोबाइल खाली करायचं सुचलं नाही, त्यामुळे लाइव्ह चालूच राहिलं. मिताली भाजीचा चमचा हातात घेऊन उभी होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटत होतं, पण शाळेचा स्टेज मजबूत होता.

मनीष भियांनाही उत्तर माहीत नव्हतं. पण माहीत नसताना बोलायचं कसं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते उठले आणि त्यांनी मानसला उचलून टेबलावरच उभं केलं.

"ये देखो!" ते गरजले. "ये है अपने इंदौर का बच्चा! भूखा रह लेगा, पर गीला-सूखा नहीं मिलाएगा! ऐसे ही थोड़ी सफ़ाई में नंबर वन हैं अपन!"

हॉल नुसता दुमदुमला. पहिल्यापेक्षा जोरात टाळ्या पडल्या. मितालीसाठी आणलेली शाल भियांनी मानसच्या खांद्यावर टाकली, ती त्याच्या पायापर्यंत लोळत होती. उतरताना अंबिका मॅडम मितालीला अगदी प्रेमाने म्हणाल्या, "मितालीजी, वो सब्ज़ी वाला प्रोग्राम अपन बाद में देखेंगे. अगले महीने स्वच्छता सप्ताह है, उसमें मानस को भेज दीजिए."

घरी येताना गाडीत सुजयचा मोबाइल सारखा वाजत होता. लाइव्हखाली काय काय येतंय ते बघायची मितालीची हिंमत झाली नाही. दार लागताच तिने मानसला स्वयंपाकघरात ओढलं.

"का लपवलीस भाजी? सही सांग."

"तू पण तर लपवते," मानस म्हणाला. उद्धटपणे नाही, माहिती दिल्यासारखं.

"मी तुझ्या भल्यासाठी लपवते रे!"

"मी पण तुझ्या भल्यासाठीच ना. तुला टाळ्या पाहिजे होत्या. खाल्ली असती तर उलटी झाली असती, मग कोणी नसत्या वाजवल्या."

मितालीचा संताप मस्तकात गेला. "अरे मग सगळ्यांसमोर डस्टबिनमध्ये कशाला टाकलीस? खिशात ठेवायची, घरी येऊन टाकायची!"

बोलून गेली आणि आपले शब्द तिच्याच कानावर पडले. मुलांना भाजी खायला शिकवणारी बाई आपल्या मुलाला भाजी नीट लपवायला शिकवत होती.

"गीला कचरा खिशात कोण ठेवतं, मम्मी?" मानसने विचारलं. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

ती स्टुलावर बसली. राग कुठल्या कुठे गेला आणि तिला लाज वाटली. हॉलमधल्या फजितीची नाही. पोर कचऱ्याशी प्रामाणिक होतं, आणि आईच्या वाटणीला त्याच्याकडे नाटक होतं. तेही त्याने घरातूनच उचललेलं, आणि तिच्यावरच्या मायेने केलेलं. याची लाज वाटली.

रात्री जेवायला उरलेली गिलकीच होती. कोणाच्याच अंगात दुसरं काही करायचं त्राण नव्हतं. मितालीने चार ताटं मांडली आणि वाढली. सुजयने सवयीने "वाह" म्हणायला तोंड उघडलं, तिने हात वर करून त्याला थांबवलं.

मानसने ताट उजेडाकडे तिरकं केलं. "याच्यात काय आहे?"

"गिलकी," मिताली म्हणाली.

"और?"

"राई, हिंग, हिरवी मिरची, मीठ. बस."

मानसने तपासलं. खरंच तेवढंच होतं. त्याने चौथ्या ताटाकडे बघितलं आणि विचारलं, "तू नंतर खाशील ना? नेहमीसारखी?"

रघुवीररावांनी वर बघितलं. सुजयनेही बघितलं. मिताली खुर्ची ओढून ताटावर बसली. तिने एक फोड उचलली, तोंडात घातली, आणि तिचा चेहरा असा झाला की जगातल्या सगळ्या मुलांना तो ओळखीचा वाटला असता. तिने कशीबशी गिळली.

"मला नाही आवडत," ती म्हणाली. "कधीच नाही आवडली."

सुजयच्या हातातला घास हातातच राहिला. "म्हणजे? मग आम्ही इतके दिवस वाह-वाह कशाला करत होतो?"

 रघुवीरराव उठले, आपल्या खोलीत गेले, कपाटाचं दार करकरलं, आणि शेवेचा डबा दोन्ही हातांनी धरून परत आले. तो त्यांनी टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत ठेवला.

"सूनबाई, अपन काय चोर आहोत का?" एवढंच ते म्हणाले आणि झाकण उघडलं.

मानसने डब्यात हात घातला. पण शेव त्याने आपल्या ताटात घातली नाही. तो उठून मितालीच्या बाजूला आला आणि तिच्या गिलकीवर त्याने ती नीट पसरली, एकही फोड उघडी राहू दिली नाही.

"आता खा," तो म्हणाला. "फक्त एक घास, मम्मी. माझ्यासाठी."

मितालीने घास घेतला. मानस तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता, जसा रोज रात्री सगळ्यांच्या तोंडांकडे बघायचा तसा.

"कशी आहे?"

"वाह" अगदी जिभेवर आलं होतं. ते तिने घासाबरोबर गिळलं. "बेकार आहे," ती म्हणाली. "पण शेवेबरोबर जाते."

मानसने यावर थोडा विचार केला. मग तिच्याच ताटातली एक फोड उचलली, आत काही आहे का ते न बघता तोंडात टाकली आणि सावकाश चावली.

"हो ग," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा कित्येक दिवसांनी खुलला. "सही मध्ये बेकार आहे." आणि शेवेचा डबा त्याने आपल्या ताटाकडे ओढला.